मदत हवी आहे: सीओएस (सिग्नल आल्याचं कळवणारा पॉइंट) जोडला की रिपीटरचा ट्रान्समीटर सुटतच नाही

२ मीटर बँडचा हॅम रिपीटर आहे, म्हणजे ऐकलेला सिग्नल पुन्हा प्रसारित करणारा सेट. जुन्या मोबाइल सेटच्या रिसीव्हर बोर्डावर स्क्वेल्चपाशी (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारं सर्किट) सीओएस पॉइंट मिळाला: सिग्नल असताना ७.२ व्होल्ट, नसताना ०.९. ट्रान्समीटर चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरच्या इनपुटला आत ५ व्होल्टला जोडलेला ४.७ के चा पुलअप रेझिस्टर आहे आणि सिग्नल आल्यावर त्याला ग्राउंड लागतं. म्हणून मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर घातला, बेसला १० के रेझिस्टर. आता सिग्नल असो नसो, इनपुट ग्राउंडलाच. वर सिग्नल आला की ७.२ चे ५ व्होल्ट होतात. बीसी५४७ ऐवजी २एन७००० मॉस्फेट लावू का?

डायपोल: ट्रान्झिस्टर बिघडलेला नाही. त्याला ०.६ व्होल्ट पुरतात, तुमचा पॉइंट सिग्नल नसतानाच ०.९ देतोय. २एन७००० चा थ्रेशोल्ड (उघडण्याचं व्होल्टेज) ०.८ पासून ३ पर्यंत कुठेही असतो, म्हणजे नशिबावर हवाला. बीसी५४७ च ठेवा. १० के च्या जागी ४७ के, आणि बेस ते ग्राउंड २२ के. आता तो साधारण २ व्होल्टला उघडेल. पॉइंटवरचा भारही उतरेल, ५ व्होल्टचे परत साडेसहा दिसतील. हा भार तसाच राहिला तर स्क्वेल्चचं सेटिंग सरकतं.

धागाकर्ता: केलं, सुटतो. पण ट्रान्समीटर एकदा चालू झाला की कधीकधी समोरच्याने पीटीटी (बोलायचं बटण) सोडला तरी अडकून राहतो.

सोल्डरगोळी: रिसीव्हरची अँटेना काढून तिथे ५० ओहम टर्मिनेशन लावा, ट्रान्समीटर डमी लोडवर (अँटेनाऐवजीचा रेझिस्टर), आणि कंट्रोलरवरून तो चालू-बंद करा. अडकायचा थांबला तर डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर वेगळे ठेवणारा फिल्टर) बघा. अडकतच असेल तर वायरिंग. बेसजवळ १०२ चा (१ नॅनोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर ग्राउंडला टाका, शिल्डेड वायर वापरा.

डायपोल: त्याआधी एक मोजमाप. ट्रान्समीटर चालू ठेवून रिसीव्हरची चासी आणि कंट्रोलरचं ग्राउंड यांच्यात मीटर लावा. रिसीव्हर आणि पीएची (ट्रान्समीटरचा पॉवर अँप्लिफायर) निगेटिव्ह तार एकच असेल, तर १० अँपिअर गुणिले ०.१ ओहम, १ व्होल्ट तिथेच. ०.९ मध्ये तो मिळवला की १.९, म्हणजे उंबरठ्यावरच. म्हणून 'कधीकधी'.

धागाकर्ता: १.०५ निघाला! तार एकच होती, तिच्या टोकाचा लगही (जोडणीची धातूची कडी) काळवंडलेला. पीएची निगेटिव्ह सरळ पॉवर सप्लायवर नेली, रिसीव्हर आणि कंट्रोलरची वेगळी. आता ०.०६.