बहुमत असताना वटहुकूम कशाला?

गावकूस
वटहुकूम म्हणजे अधिवेशन चालू नसताना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राज्यपाल किंवा राष्ट्रपती काढतात तो तात्पुरता कायदा. बिहार विधिमंडळाचं अधिवेशन २८ जुलै १९८१ ला संस्थगित झालं. दुसऱ्याच दिवशी सगळ्या खात्यांच्या सचिवांना सरकारी पत्र गेलं: अधिवेशन संपलं आहे, तुमच्या खात्याचे वटहुकूम ११ ऑगस्टला गळून पडतील, तर मुदतीच्या आत ते पुन्हा काढून घ्या. म्हणजे सभागृह भरलेलं असताना विधेयक मांडायचं नाही, ते उठलं की कामाला लागायचं. पत्राचा सूर घरपट्टीच्या स्मरणपत्रासारखा.

हा कारभार चव्हाट्यावर आणला पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. डी. सी. वाधवांनी. १९६७ ते १९८१ या काळात बिहारच्या राज्यपालांनी २५६ वटहुकूम काढले आणि ते एक ते चौदा वर्षं जगवले. उसाच्या पुरवठ्याबद्दलचा एक तर तेरा वर्षांहून जास्त चालला. घटनेच्या २१३व्या कलमात मुदत आहे ती विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांची. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नको, तेव्हा फार ताणलं तरी साधारण साडेसात महिने होतात. वाधवांच्या बरोबर कोर्टात गेले ते रांचीकडचा एक रयत, एक विद्यार्थी आणि पाटण्याचा एक व्यावसायिक. वनउपज, इंटरमीजिएट शिक्षण आणि विटा, असे तीन वटहुकूम त्यांना नडले होते.

माझं म्हणणं: युद्ध, पूर, साथ असली खरी निकड सोडली तर मंत्रिमंडळाने कायदे करू नयेत. बहुमत आहे ना? मग सभागृहात या.

सडेतोड
वाधवांबद्दल आदर आहेच. पण बिहारचा अजीर्ण झालेला नमुना दाखवून तुम्ही औषधच बंद करा म्हणताय. डॉ. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला. जादूटोणाविरोधी विधेयक त्याआधी वर्षानुवर्षं लोंबकळत होतं. खुनानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कायदा झाला. 'सभागृहात या' म्हणत बसलो असतो तर मधल्या महिन्यांत भोंदूबाबावर गुन्हा कशाखाली नोंदवणार होतात?

शिवाय बहुमत असलेलं सरकार तोच कायदा नंतर मंजूर करून घेणारच असतं. मग चार महिने आधी आला तर कुणाचं स्वातंत्र्य गेलं?

गावकूस
तुमचंच उदाहरण घेतो. पावसाळी अधिवेशन त्याच महिन्याच्या सुरुवातीपर्यंत चालू होतं आणि बहुमत तेव्हाही होतं. विधेयक अडलं ते सभागृहामुळे नाही, सरकारचंच धाडस होत नव्हतं म्हणून. धाडस आलं ते रस्त्यावरच्या संतापाने. वटहुकुमाला श्रेय कसलं देताय?

काळाकोट
'नंतर मंजूर करून घेणारच' हे गृहीतक कच्चं आहे, सडेतोड. जुलै २०१४ मध्ये आपल्याकडे मराठा समाजाला १६ टक्के आणि मुस्लिम समाजातल्या मागास गटांना ५ टक्के आरक्षण वटहुकुमाने दिलं. नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने बाकीच्याला स्थगिती दिली, पण मुस्लिमांचं शिक्षणातलं ५ टक्के तेवढं चालू ठेवलं. तोवर सरकार बदललं होतं. नव्या सरकारने डिसेंबरात कायदा केला तो फक्त मराठा आरक्षणाचा. कोर्टात टिकलेला भाग मुदत संपून गेला.

आरक्षणाच्या बाजूचे असा वा विरोधातले, एक बघा. ते ५ टक्के नाकारायला सभागृहात कुणाला उभं राहून कारण द्यावं लागलं नाही. मला हेच खुपतं. वटहुकूम येतो तेव्हा चर्चा नाही, आणि जातो तेव्हाही नाही. आधे-मध्ये ज्याने त्याच्यावर भरवसा ठेवला, तो लटकला.

बारामाही
हे सगळं वाचून हसू येतं. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण वटहुकुमाने झालं आणि संसद भरणार होती २१ जुलैला. दोन दिवस दम निघाला नाही. भूसंपादनाचा वटहुकूम डिसेंबर २०१४ मध्ये काढला, मग एप्रिलमध्ये आणि मेच्या अखेरीस पुन्हा. दुसऱ्या खेपेसाठी तर चालू राज्यसभा संस्थगित केली! पक्ष कुठलाही घ्या.

सडेतोड
आणि तो भूसंपादनाचा शेवटी ऑगस्ट २०१५ मध्ये गळालाच ना? व्यवस्थेने काम केलं.

काळाकोट
गळाला तो राज्यसभेत संख्याबळ नव्हतं आणि शेतकरी बिथरला होता म्हणून. न्या. भगवतींच्या खंडपीठाने वाधवांच्या खटल्यात असं सर्रास पुन्हा पुन्हा काढणं ही घटनेशी लबाडी ठरवली ती डिसेंबर १९८६ मध्ये. त्याच निकालात 'सभागृहापुढे कामाचा ढीग असेल तर गोष्ट वेगळी' अशी एक फट ठेवली. सरकारं त्या फटीतून बैलगाडी नेतात. मग जानेवारी २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींपुढे पुन्हा बिहारचंच प्रकरण आलं. ४२९ खासगी संस्कृत शाळा ताब्यात घेणारे वटहुकूम १९८९ पासून एकामागून एक काढले होते, आणि एकही सभागृहापुढे ठेवला नव्हता. कोर्ट म्हणालं, सभागृहापुढे ठेवणं सक्तीचंच आहे. निकाल चोख. पण तोवर सत्तावीस वर्षं उलटली होती, आणि सरकारी नोकर झालो असं समजून बसलेल्या शिक्षकांचा तो हक्क टिकला नाही.

गावकूस
म्हणून कोर्टावर विसंबू नका. घटनेतच घाला: वटहुकूम काढला की तीस दिवसांत अधिवेशन बोलवायचं, नाही बोलावलं तर तो रद्द.

सडेतोड
तीस दिवसांत विरोधक अध्यक्षांपुढच्या मोकळ्या जागेत, वेलमध्ये, उतरले, कामकाज तहकूब झालं, की सरकारचा कायदा मेला. गोंधळ घालणाऱ्याच्या हातात नकाराधिकार देताय. साठ करा, मग बोलू.

गावकूस
साठला ना नाही. पण दुसऱ्यांदा काढायचा नाही.

सडेतोड
दुसऱ्यांदा काढा असं मी कुठे म्हटलं? माझं भांडण पहिल्यापुरतं आहे. आणि 'खरी निकड' कोण ठरवणार, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.