इन्फेक्शनचे स्पेशालिस्ट नक्की काय करतात?

बाबांना महिनाभर ताप येतोय आणि पाठ दुखतेय, एमआरआयमध्ये मणक्यात इन्फेक्शन आलंय तर ऑर्थोवाले म्हणतात इन्फेक्शनच्या डॉक्टरांना दाखवा. अजून एक अँटिबायोटिकच देणार ना ते?

मृणाल_के: नाही गं, उलट पेशंट स्टेबल असेल तर आधी चालू असलेलं थांबवतात बऱ्याचदा. मणक्यात टीबी असू शकतो, स्टॅफ नावाचा जंतू असू शकतो, कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेला जंतू पण, आणि स्टॅफला साधारण 6 आठवडे औषध तर टीबीला वर्षभर किंवा जास्त, मग अंदाजाने कसं चालेल? सुईने नमुना काढून कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं) आणि सीबीनॅट (टीबीची जनुकीय तपासणी) करायला लावतील. लिव्होफ्लॉक्सासिन वगैरे अँटिबायोटिक चालू आहे का बघ, त्याने टीबी अर्धवट दबतो आणि निदान लांबतं.

लॅबवाला: नमुना अख्खा फॉर्मलिनमध्ये टाकू देऊ नका प्लीज!! त्यात जंतू मरतात, कल्चरसाठी वेगळा तुकडा सलाईनमध्ये हवा, हे आधीच सांगून ठेवा.

सुहास७१: बाबांच्या शुगरच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर यादी न्या ताई, टीबीच्या रिफाम्पिसिन औषधाने त्यांचा असर कमी होतो, डोस इन्फेक्शनचे डॉक्टरच बघतात.