वेव्हर मान्य केला म्हणून चेअरलिफ्टवरच्या हयगयीचा दावाही सोडून द्यायचा का?

डोंगरवाट:

डेन्व्हरच्या परिसरात राहणारी आपली मराठी कुटुंबे हिवाळ्यात मुलांना स्कीइंगला घेऊन जातात. पास घेताना पडद्यावर एक लांबलचक करार येतो आणि बहुतेक जण तो न वाचताच मान्य करतात. त्याला वेव्हर म्हणतात. रिसॉर्टच्या निष्काळजीपणामुळे इजा झाली तरी आपण दावा करणार नाही, असे त्यात लिहिलेले असते. चेअरलिफ्टच्या, म्हणजे स्कीअरना तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या टांगत्या खुर्च्यांच्या, बाबतीत तरी असा करार कोणत्याही न्यायालयाने ग्राह्य धरू नये, आणि जखमी माणसाने वकिलाकडे जायला संकोच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मार्च २०२२ मध्ये कोलोरॅडोतील क्रेस्टेड ब्यूट येथे एक १६ वर्षांची मुलगी चेअरलिफ्टवर नीट बसू शकली नाही आणि सुमारे ३० फुटांवरून खाली पडली. तिचे हातपाय कायमचे लुळे पडले. आम्ही ओरडत असूनही लिफ्ट थांबवली गेली नाही, असा कुटुंबाचा आरोप होता, तर वडिलांनी वेव्हर मान्य केला असल्याने दावाच चालू शकत नाही, अशी रिसॉर्टची भूमिका होती. मे २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, कायद्याने आणि नियमांनी लिफ्टचालकावर टाकलेली कर्तव्ये खासगी कराराने पुसून टाकता येत नाहीत. मात्र त्याच निकालात न्यायालयाने निष्काळजीपणाचा सर्वसाधारण दावा वेव्हरमुळे फेटाळलेलाच ठेवला. माझ्या मते तेथे न्यायालय अर्ध्या वाटेवर थांबले.

वकील लागतो तो भाषणासाठी नव्हे, पुराव्यासाठी लागतो. लिफ्टच्या देखभालीच्या नोंदी, कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे कागद, कॅमेऱ्यातील चित्रण आणि अपघाताचा अहवाल हे सगळे रिसॉर्टच्या ताब्यात असते, आणि ते जपून ठेवा अशी लेखी मागणी लवकर गेली नाही तर पुढे हाती काही लागत नाही. असे वकील बहुधा आगाऊ फी घेत नाहीत. भरपाई मिळाली तर तिच्यातला साधारण तिसरा हिस्सा घेतात. कोलोरॅडोत रिसॉर्टवर दावा दाखल करण्याची मुदत फक्त दोन वर्षांची आहे, आणि शस्त्रक्रिया नि व्यायामोपचार यांत ती कशी संपते ते कळतही नाही.

हिमरेषा:

त्या मुलीबद्दल मलाही अतिशय वाईट वाटते, पण एका प्रसंगावरून आपण जो सर्वसाधारण नियम काढत आहात तो मला मान्य नाही. डोंगर म्हणजे बाग नव्हे. बर्फ कधी काचेसारखा कडक असतो, कधी त्याखाली खडक दडलेला असतो, आणि हे ठाऊक असूनच माणूस वर जातो.

आजचे कायदे कुठून आले, हेही पाहायला हवे. व्हर्माँटमधील स्ट्रॅटन येथे १९७४ मध्ये नवशिक्यांच्या उतारावर एका तरुणाची स्की झुडपात अडकली आणि तो कायमचा अपंग झाला. ज्युरीने १५ लाख डॉलर मंजूर केले आणि १९७८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ते कायम ठेवले. विम्याचे हप्ते परवडेनासे होतील या धास्तीने, खेळाच्या अंगभूत धोक्यांसाठी रिसॉर्टला जबाबदार धरता येणार नाही असे कायदे राज्यामागून राज्ये करू लागली. यूटा आणि कोलोरॅडो यांचे कायदे १९७९ चे आहेत. कोलोरॅडोच्या न्यायालयाने तर २०१६ मध्ये रिसॉर्टच्या हद्दीत कोसळलेला हिमकडाही खेळाचा अंगभूत धोकाच मानला. तो निकाल कठोर वाटतो, पण तर्काला धरून आहे. ही चौकट मोडली तर मोठ्या कंपन्यांचे काही बिघडणार नाही. एकदोन लिफ्टवर चालणाऱ्या गावच्या टेकड्या मात्र बंद पडतील, आणि सामान्य घरातील मुले तिथेच स्कीइंग शिकतात.

साक्षेपी:

आपण दोघेही रिसॉर्टविषयीच बोलत आहात, पण माझ्या भाच्याला जी इजा झाली ती दुसऱ्या स्कीअरच्या धडकेने. वरून वेगात आलेल्या माणसाने त्याला मागून धडक दिली, ‘सॉरी’ म्हटले आणि तो निघून गेला. भाच्याचा गुडघा दोन ठिकाणी मोडला होता. नाव ना पत्ता, मग दावा करायचा कोणावर? कोलोरॅडोच्या कायद्यानुसार खालच्या माणसाला टाळण्याची मुख्य जबाबदारी वरून येणाऱ्याची असते, आणि कोणाला इजा झाली असेल तर आपले नाव व पत्ता स्की पेट्रोलला (उतारावरच्या सुरक्षा पथकाला) किंवा रिसॉर्टच्या कर्मचाऱ्याला दिल्याशिवाय तेथून जाता येत नाही. हे आम्हाला नंतर वकिलाने सांगितले. एका स्कीअरने दुसऱ्यावर केलेल्या दाव्यात धडक हा अंगभूत धोका मानला जात नाही. धडक देणाऱ्याच्या घराच्या विम्यातून अनेकदा भरपाई मिळू शकते, हेही तेव्हाच कळले, पण माणूसच सापडला नाही तर या माहितीचा उपयोग काय?

दावा केला म्हणजे पैसे मिळतातच, असेही कोणी समजू नये. हॉलिवूड अभिनेत्री ग्विनेथ पॅल्ट्रो यांच्यावरील स्कीइंगच्या धडकेच्या खटल्यात यूटातील ज्युरीने २०२३ मध्ये दावा करणाऱ्यालाच पूर्ण दोषी ठरवले.

डोंगरवाट:

हिमरेषा, बर्फ, खडक आणि झुडपे यांविषयी आपले म्हणणे मी मान्य करतो. उतारावरच्या इजेसाठी कोलोरॅडोत रिसॉर्टकडून मिळणाऱ्या भरपाईला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि त्याबद्दलही मी तक्रार करत नाही. पण तोच कायदा लिफ्टवरील प्रवाशाला त्या मर्यादेतून वगळतो, म्हणजे लिफ्ट वेगळी आहे हे विधिमंडळालाही उमगले होते. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हातात काहीच नसते. लिफ्ट थांबवण्याचे बटण दुसऱ्याच्या हाताखाली असते. आणि ज्या व्हर्माँटचा दाखला आपण दिलात, तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये असा वेव्हर सार्वजनिक हिताच्या विरुद्ध म्हणून रद्द ठरवला. धोका ओळखण्याची आणि आवरण्याची साधने रिसॉर्टकडे असतात, पाहुण्याकडे नसतात, हे त्यामागचे एक कारण होते. त्यानंतरही तेथे स्कीइंग चालूच आहे.

हिमरेषा:

लिफ्टपुरते आपले म्हणणे मला पटते, आणि तेवढ्यापुरता वेव्हर रद्द झाला तर माझा विरोध नाही. उताराबाबत माझे मत बदललेले नाही. साक्षेपी, स्की पेट्रोलने त्या दिवशी लिहिलेल्या अहवालाची प्रत आपण मागितली होती का? त्यात एखाद्या साक्षीदाराचे नाव असू शकेल. दोन वर्षे उलटली नसतील तर ती प्रत आजच मागवा.