नोकरीत राहून शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी: एम.ए., एम.एड. की काहीच नको?

खडूफळा

गेल्या आठवड्यात आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद झाली. डबे उघडले आणि विषय निघाला, यंदा मुक्त विद्यापीठात एम.ए. शिक्षणशास्त्राला कोण कोण नाव घालतंय. एक ज्येष्ठ सर म्हणाले, "त्याने शिकवण्यात काडीचा फरक पडत नाही. नोकरी लागल्यावरची पदवी म्हणजे फाइलला लावायचा कागद." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथे गप्प बसले आणि ते मला अजून टोचतंय.

मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, १४ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी एम.ए. पूर्ण केलं. त्या वेळी माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. एक मुलगा ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहायचा, ४१ वजा १८ चं ३७. मी लाल फुल्या मारायची आणि पुन्हा तशीच दहा गणितं घालायची. मग मूल्यमापनाच्या पेपरात नैदानिक चाचणीवर स्वाध्याय आला: एका विद्यार्थ्याच्या चुका गोळा करा आणि त्यांच्यामागे काही सूत्र आहे का ते शोधा. त्या स्वाध्यायापायी मी पहिल्यांदा त्याच्या शेजारी मांडी घालून बसले. म्हटलं, कसं केलंस ते बोलून दाखव. तो म्हणाला, "सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन." दोनातून सात का नाही काढलेस? "मोठ्यातून लहान काढायचं ना बाई, तुम्हीच सांगितलंय."

मी सांगितलंच होतं. तो पहिलीत असताना, एक अंकी वजाबाकी शिकवताना, रोज. पोरगं माझा नियम इमानदारीने पाळत होतं आणि त्याबद्दल माझ्याकडूनच फुल्या खात होतं. दुसऱ्या दिवशी काड्यांचे गठ्ठे नेले. पाच गठ्ठे, दोन सुट्ट्या. गठ्ठा सोडल्याशिवाय सात काड्या देताच येत नाहीत, हे त्याच्या हाताला कळलं. वर्गात असे आणखी आठ जण निघाले.

हेच प्रकरण मी डी.एड.ला पाठ करून लिहिलं होतं, चांगले मार्क पडले होते. तेव्हा समोर मूल नव्हतं. म्हणून माझं ठाम मत आहे की शिक्षणशास्त्र शिकायची खरी वेळ हातात वर्ग आल्यानंतरची आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

निवृत्त अध्यापक

मॅडम, वजाबाकीचा अनुभव वाचून बरं वाटलं. पण त्याचं श्रेय तुमच्या कळकळीला आहे, पदवीला नाही. मी नाशिकमध्येच बी.एड., एम.एड.ला शिकवण्यात आयुष्य घालवलं आणि एका अभ्यासकेंद्रावर स्वाध्यायही तपासले. एका वर्षी तीसेक स्वाध्यायांत बालमानसशास्त्रज्ञ पियाजेचं नाव एकाच पद्धतीने चुकलेलं होतं. बाजारातलं गाईड एकच, उतरवणारे तीस. निवड श्रेणीच्या, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीच्या, फाइलला जोडायला कागद हवा, म्हणून नाव घालणारे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. तुम्ही त्यांच्यातल्या नाही, पण धोरण तुमच्याकडे बघून ठरवता येत नाही.

एम.एड. दोन वर्षांचं का केलं, हे समजून घ्या. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमावलीनुसार वर्षाला किमान २०० दिवस काम, तासांना ८० टक्के हजेरी, क्षेत्रकार्याला ९० टक्के. प्रबंधिका, म्हणजे संशोधनाचा छोटा प्रबंध, मार्गदर्शकासमोर बसून लिहायची, तोंडी परीक्षेत तिचं समर्थन करायचं. समोरचा माणूस "कशावरून?" असं विचारतो तेव्हा विचाराला धार येते. टपालाने येणारी पुस्तकं ते विचारत नाहीत. एम.ए. शिक्षणशास्त्र ही एनसीटीईच्या लेखी अध्यापक प्रशिक्षणाची पदवीच नाही, कुठल्याही शाखेच्या पदवीधराला तिथे प्रवेश मिळतो. बी.एड. कॉलेजात अध्यापन पद्धती शिकवायची तर विषयाची पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. दोन्ही लागतात, तेही ५५ टक्क्यांनी.

खडूफळा

सर, तुमच्या मुद्द्यात अर्धी बाजू राहिली. त्याच नियमावलीत, शिक्षणाचे मूलाधार शिकवायला एम.ए. शिक्षणशास्त्र आणि बी.एड., दोन्हींत ५५ टक्के, हेही चालतं. प्राध्यापकपदाच्या नेट-सेट परीक्षांना शिक्षणशास्त्र विषय घेऊन एम.ए.वालेही बसतात.

आणि २०० दिवसांची हजेरी मी कुठून आणू? दोनशिक्षकी शाळा आहे. मी अध्ययन रजेवर गेले तर चार वर्ग एकट्या सरांवर पडतात. ज्या मुलांसाठी शिकायचं, त्यांनाच दोन वर्षं वाऱ्यावर सोडायचं का? गाईड उतरवणाऱ्यांबद्दल मलाही तुमच्याइतकाच राग आहे. पण तीस स्वाध्यायांत एकच चूक सापडल्यावर त्या केंद्राने काय केलं? सगळ्यांना मार्क दिलेच ना? मग दोष अभ्यासक्रमाचा की तपासणीचा?

निफाडचा मास्तर

ताई, तुमचं सगळं खरं, पण वेळ कुठली काढलीत? सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आला आणि आमच्या स्टाफरूममधलं वातावरणच बदललं. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) न दिलेल्या प्रत्येकाला दोन वर्षांत ती पास व्हायचंय. अठरा वर्षं शिकवलेला माणूस घरी पोरासोबत बसून बालमानसशास्त्राचे वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवतोय. त्यात शाळेची ऑनलाइन माहिती, बीएलओचं म्हणजे मतदारयादीचं काम, वाचन-गणिताच्या निपुण अभियानाच्या नोंदी. नोकरीवर टांगती तलवार असताना एम.ए. करा म्हणणं म्हणजे घराला आग लागलेली असताना रंग कोणता द्यायचा ते विचारणं.

मला शिकायचं नाही असं नाही. पण माझ्या रात्रीच्या दोन तासांवर आज टीईटीचा हक्क आहे.

खडूफळा

सर, तुमची घालमेल समजते, मीही त्याच रांगेत आहे. तुम्ही आधी टीईटीच करा. फक्त एक सांगते, टीईटीतल्या बालविकास आणि अध्यापनशास्त्राच्या भागाला मला वेगळं काही वाचावं लागत नाहीये. पियाजे, मूल इतरांशी बोलत शिकतं असं सांगणारा व्हायगॉट्स्की, मूल्यमापनाचे प्रकार, हे आता पाठांतराचं राहिलेलं नाही.

व्हायगॉट्स्कीवरून आठवलं. दहा-बारा वर्षांपूर्वी साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांची कीर्ती ऐकून आपण सगळ्यांनी वर्गाच्या फरश्या रंगवल्या. मीही पदरचे पैसे घालून रंगवली. ज्ञानरचनावाद (मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं हा विचार) म्हणजे रंगीत फरशी, अशी माझी समजूत होती. तो रंग कशासाठी, मूल त्यावर बसून आपसात काय बोलतं आणि आपण मध्ये कधी बोलायचं, हे मला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी उमजलं. तोवर रंग उडून गेला होता.

सातपूरचा निदेशक

शाळेबाहेरचाही एक आवाज घ्या. मी आयटीआयला फिटर ट्रेडचा निदेशक होतो, आता अंबडच्या एका कारखान्यात प्रशिक्षण बघतो. आम्हा लोकांना शिकवायला कोणी शिकवत नाही. जो चांगला कारागीर, त्यालाच "आता पोरांना शिकव" म्हणतात. निदेशकांसाठी एक वर्षाचा सीआयटीएस हा प्रशिक्षण अभ्यासक्रम आहे, त्याने पाठ कसा मांडायचा ते कळलं. पण कारखान्यातला शिकणारा पंचेचाळीस वर्षांचा असतो, तो पंचवीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला असतो. त्याला शाळकरी पोरासारखं शिकवलं की तो हाताची घडी घालतो.

प्रौढ माणूस कसा शिकतो यावर शिक्षणशास्त्रात अख्खी शाखा आहे, हे मला चाळिशीत कळलं. प्रशिक्षणानंतर आम्ही "आवडलं का?" असा फॉर्म भरून घेतो आणि फाइल बंद. कर्कपॅट्रिक या अमेरिकी अभ्यासकाने प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या १९५९ मध्येच सांगितल्या होत्या: आवडलं का, शिकला का, कामात उतरलं का, कामाचा निकाल बदलला का. आमची गाडी पहिल्या पायरीवरच थांबलेली.

म्हणून मला अध्यापक सरांचं पटत नाही. बी.एड. नसल्यामुळे एम.एड.चं दार मला बंदच आहे. एम.ए. शिक्षणशास्त्राला कोणताही पदवीधर चालतो, याला तुम्ही उणीव म्हणता. माझ्यासारख्याला तेवढं एकच दार उघडं आहे. इग्नूचा (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा) शैक्षणिक तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर डिप्लोमाही मी बघून ठेवलाय. पूर्ण पदवी झेपत नसेल त्यांनी डिप्लोम्याचा विचार करावा. मुख्याध्यापकांसाठी मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका आहेच.

आश्रमशाळा सुरगाणा

नाशिक शहरात बसून चर्चा सोपी आहे. मला अभ्यासकेंद्रावरच्या संपर्क सत्राला, म्हणजे समोरासमोरच्या तासांना, यायचं तर आदल्या दिवशी निघावं लागतं आणि शनिवार-रविवारीही मुलं वसतिगृहातच असतात. इग्नूचं साहित्य हिंदी-इंग्रजीत. मराठीत हवं तर मुक्त विद्यापीठच, पण त्या पुस्तकांतली उदाहरणं बहुतेक शहरी शाळेची. माझी मुलं घरी कोकणा बोलतात. पहिलीतलं पोर सहा महिने तोंड उघडत नाही, ते मंद आहे म्हणून नाही, माझी मराठी त्याला परकी आहे म्हणून. याचं उत्तर मला कुठल्या पेपरात मिळेल? मिळणार असेल तर मी आजच नाव घालतो.

निवृत्त अध्यापक

सुरगाण्याच्या सरांचा प्रश्न हाच खरा प्रबंधिकेचा विषय आहे. त्यासाठी दर पंधरा दिवसांनी कोणी तरी वही उघडून विचारणारा लागतो, हेच मी मघापासून सांगतोय. एनसीटीईच्या फेब्रुवारी २०२५ च्या मसुद्यात एक वर्षाचं पूर्णवेळ एम.एड. आणि नोकरदारांसाठी दोन वर्षांचं अंशकालीन एम.एड. सुचवलंय. अंशकालीन एम.एड. नाशिकमध्ये नीट सुरू झालं, तर मी स्वतः शिक्षकांना तिकडे जा म्हणेन. दूरस्थ एम.ए.बद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही.

खडूफळा

सर, मसुद्याची वाट बघता बघता सुरगाण्याच्या सरांची पहिली चौथीत जाईल.

सुरगाण्याचे सर, तयार उत्तर मलाही पुस्तकात सापडलं नाही. एम.ए.त कृती संशोधनाचा, म्हणजे आपल्याच वर्गातला प्रश्न घेऊन उपाय करून बघण्याचा, भाग होता, त्यात प्रश्न माझा मीच घेतला. पेठलाही घरची बोली वेगळी. मी वर्गातल्या मुलांच्या आज्यांकडून दीडशे शब्द गोळा केले, ते आणि मराठी शब्द शेजारी शेजारी लिहून भिंतीला लावले आणि आठ आठवडे कोण किती वेळा बोलतं त्याची रोज नोंद ठेवली. ती नोंदवही माझ्याकडे आहे. कागदावर काय मांडलं, कुठे चुकलं, सगळं त्यात आहे. तुम्ही नाशिकला याल तेव्हा सीबीएस बसस्थानकावर आणून देते. निवृत्त सरांनाही आग्रहाची विनंती, तुम्हीही या आणि त्या वहीतल्या प्रत्येक पानावर "कशावरून?" विचारा. दोन वर्षांत मला ते कोणी विचारलं नाही, एवढं तुमचं मान्य.