हीटरआधी गोधडी

लहान मुलांसाठी हीटर घ्यावा का, या प्रश्नावर माझं मत: आधी गोधडी शिवा. २००० वॅटचा हीटर तासाला दोन युनिटं खातो. रोज चार तास धरले तर महिन्याला २४० युनिटं होतात, म्हणजे बिल पाहून घाम फुटायचा!

आमचं गाव निफाडकडचं. थंडीत पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात. आजीच्या गोधडीत वरखाली सुती लुगडं आणि मध्ये जुन्या साड्या, धोतरं असायची. सगळं आधी धुऊन उन्हात वाळवायचं, जमिनीवर ताणून अंथरायचं आणि कडेकडेने धावदोरा घालत आत यायचं. टाके बोटाच्या पेराएवढे. थरांमध्ये हवा अडकते, म्हणून ऊब टिकते. सिंथेटिक साड्या मात्र घालू नका, त्या सरकतात आणि गोळा होतात. दुपारी गोधडी उन्हात टाकून संध्याकाळी घडी करून ठेवली की रात्री अंगावर घेताना तो उन्हाचा वास येतो. माझी मुलं त्यासाठी भांडतात.

रात्री हुलग्याचे शेंगोळे करा. पिठात लसूण, मिरची, जिरं घालून घट्ट मळायचं, तळहातावर वळून उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायचं. रस आपोआप दाटतो. सोबत बाजरीची गरम भाकरी. सगळ्यांनी चुलीजवळ किंवा गॅसजवळच जेवायला बसावं, स्वयंपाकघर तोवर छान तापलेलं असतं.

आणि हो, बंद खोलीत कोळशाची शेगडी अजिबात ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, तो दिसतही नाही, आणि झोपेतच जीव जाऊ शकतो.