मदत हवी आहे : जुन्या जीपच्या हीटरची ब्लोअर मोटर

गाडी जुनी फोर बाय फोर, १२ व्होल्ट, ठाण्यात. इथे हीटर थंडीसाठी नाही, पावसात काचेवरचं धुकं घालवायला लागतो, म्हणून पावसाआधी काम उरकायचं आहे.

हीटरची हवा फेकणारा पंखा (ब्लोअर) फुल स्पीडलाही हलत नाही. मोटरच्या बुडावर टिचकी मारली की घरघरत सुरू होतो. बॅटरीवरून थेट सप्लाय दिला तरी तेच, म्हणजे दोष मोटरचाच. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन झिजलेत, मोटरचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो ते बुश कोरडं. कनेक्टरची एक पिन काळी पडून प्लास्टिक वितळलंय. तो बदलायचाच, नाहीतर सैल पिन पुन्हा तापणार.

खरी अडचण पंख्याची. शाफ्टवरचा नट गंजून घट्ट बसलाय. पंखा प्लास्टिकचा, त्यामुळे गॅसची आच देता येत नाही, आणि हातोड्याने चिरला तर बॅलन्स जाऊन नवी मोटरही बुश खाणार. गंज सोडवणारं तेल मुरवूनही नट ढिम्म. शाफ्ट पकडून काढायची कुणाकडे खात्रीची रीत आहे का?

दुसऱ्या गाडीची मोटर बसवलीये का कुणी? शाफ्टची जाडी, लांबी आणि फिरण्याची दिशा कृपया सांगा. उलट फिरली तर हवेला दम राहत नाही.

वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याकडे कार्बन-बुश बदलून देणारा भरवशाचा ऑटो इलेक्ट्रिशियन असेल तर तेही कळवा.