मदत हवी आहे: पार्किन्सनच्या गोळ्या वाढल्यापासून वडिलांना भास होतात

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. वडील ७१ वर्षांचे, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. सहा वर्षांपासून पार्किन्सन (हालचाल मंदावणारा मेंदूचा आजार) आहे. लेव्होडोपा-कार्बिडोपाची (या आजारावरचं मुख्य औषध) ११० ची गोळी दिवसातून तीनदा, तेवढ्यावर बरीच वर्षं छान चाललं. पुढे गोळीचा असर लवकर उतरायला लागला, म्हणून डॉक्टरांनी आधी प्रामिपेक्सोल (मेंदूत डोपामाइन या रसायनासारखं काम करणारी गोळी) आणि दोन महिन्यांपूर्वी एन्टाकॅपोन (लेव्होडोपाचा असर लांबवणारी गोळी) जोडलं.

चालणं सुधारलं, हे खरं. लघवी केशरी झाली तेव्हा घाबरलो होतो, पण ती एन्टाकॅपोनमुळे होते, त्यात धोका नसतो. आता मात्र गोळी घेतल्यावर तासाभराने मान आणि डावा हात आपोआप वळवळतो. पायांवर सूज आहे. आणि परवा रात्री अडीचला उठून बसले, "उंबऱ्यावर पोरं बसलीत, त्यांना चहा दे" म्हणाले. आईने दिवा लावला, तरी त्यांना ती पोरं दिसतच होती. तेव्हापासून आईच्या डोळ्याला डोळा नाही.

गोळ्या एकदम बंद करणं धोक्याचं, हे माहीत आहे. डोस मी स्वतः बदलणार नाही. मिरजेला डॉक्टरांकडे गुरुवारचा नंबर लावलाय.

कुणाच्या घरी असे भास झाले असतील तर सांगा, डॉक्टरांनी आधी कोणतं औषध कमी केलं? प्रामिपेक्सोल उतरवल्यावर चालणं पुन्हा अडखळलं का? शिवाय प्रथिनांमुळे लेव्होडोपा नीट लागू पडत नाही म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास देतो. डाळ-दूध तुम्ही रात्रीच्या जेवणावर नेलंत का?